बॅटरी कोण पितंय?

पितृपक्ष लागला की आमच्या सोसायटीतल्या कावळ्यांना एकदम भाव येतो. एरवी त्यांना हुसकावणारी माणसं गच्चीत पान ठेवून 'काव काव' करत ताटकळतात आणि कावळे समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर बसून मजा बघतात. जिन्यात गवारीच्या भाजीचा आणि कढीचा वास भरून राहतो. पाऊस जातो जातो म्हणतो आणि जात नाही. दुपारी ऊन असं तापतं की बाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही, आणि संध्याकाळी खाडीकडून खारट, ओलसर वारा सुटला की कपडे अंगाला चिकटतात. यंदाही हे सगळं वेळेवर आलं आहे. मला मात्र या दिवसांत आणखी एक वास आठवतो. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-निळ्या बुरशीवर खायचा सोडा टाकून गरम पाणी ओतलं की फसफसून जो आंबूस वास येतो, तो. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा पितृपक्ष मी त्या वासात काढला.

त्याबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट सांगून टाकायला हवी, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको. मी मत्सरी बाई आहे. लहानपणी थोरल्या बहिणीच्या परकराचा काठ माझ्या काठापेक्षा बोटभर रुंद असला तरी मी दिवसभर जेवायची नाही. आई म्हणायची, 'मोठी झालीस की जाईल.' मी मोठी झाले, खांदेश्वरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, आईचं आजारपण काढलं, चाळिशी गाठली, पण ते काही गेलं नाही. फक्त परकराच्या काठाच्या जागी दुसऱ्या गोष्टी आल्या.

चाळिशीत शशिकांतचं स्थळ आलं. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गाळा, मूळचे आमच्याच साताऱ्याकडचे, जुईनगरला राहतं घर, मूलबाळ नाही, पहिली बायको वारलेली. आत्या म्हणाली, 'माणूस चांगला आहे.' माणूस चांगलाच निघाला. पण चांगल्या माणसाची आधीची बायकोही चांगलीच असायची, आणि तिची आठवण काढणारी सगळी माणसं जिवंत असायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सुलभा तिचं नाव. शाळेत चित्रकला शिकवायची. लोकांसमोर मी 'सुलभाताई' म्हणते. मनात नुसतं 'ती'.

घर मी हळूहळू माझं करून घेतलं. पडदे बदलले, भांडी बदलली, पलंगाची दिशा फिरवली. शशिकांत कशालाच नाही म्हणाले नाहीत. त्यांचं हे नाही न म्हणणंच मला खुपायचं. त्यांना फरक पडत नव्हता म्हणून, की माझं मन राखायचं होतं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. ते बोलतच नसत. दिवसभर गाळ्यावर ओरडून ओरडून घसा संपलेला माणूस घरी येऊन गप्प बसतो, त्यात काही नवल नाही. पण मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. या माणसाच्या मनात मला माझी अशी जागा आहे, की मी रिकाम्या जागेवर बसवलेली बाई आहे?

एक गोष्ट मात्र मी बदलू शकले नाही. तिची गाडी. छोटी पांढरी गाडी, तिनं घेतलेली, तिनंच चालवलेली. सोसायटीत गाडी चालवणारी ती पहिली बाई, असं मला निदान दहा तोंडांनी सांगितलं. शशिकांतना गाडी चालवता येत नाही. बाजारात जायला त्यांची स्कूटर, नाहीतर टेम्पो. ते आयुष्यभर डाव्या सीटवर बसत आले. मला खांदेश्वरला जायला गाडी हवीच होती, चालवता येत होती आणि ही दारात उभी होती. पहिल्या दिवशी बसले तर पाय ब्रेकपर्यंत पुरेनात. ती उंच होती. सीट पुढे ओढताना खालून केसांचा एक चाप निघाला. मी तो खिडकीबाहेर टाकला आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहिली.

गाडी जुनी झाली की तिच्या आतल्या तारांना स्वभाव फुटतो. इंजिन बिचारं सरळ असतं, बिघडलं की बिघडलं. विजेचं तसं नाही. डावीकडे वळताना आपोआप हॉर्न वाजायचा आणि पुढचा रिक्षावाला मागे वळून माझा उद्धार करायचा. उजवीकडची काच खाली जायची, वर यायची नाही. मागचा ब्रेकलाइट मनात येईल तेव्हा पेटायचा. पहिल्याच पावसाळ्यात ऐन हायवेवर, शशिकांत शेजारी असताना, वायपर काचेच्या मधोमध अडकून बसला.

"अहो, वायपर गेला!"

"खालच्या कोपऱ्यावर एक चापट मार."

मी गाडी बाजूला घेतली, उतरले, भिजत भिजत चापट मारली. वायपर सुरू.

"तुम्हाला कसं माहीत?"

"सुलभा मारायची."

काच वर येत नाही तेव्हा दार जरा उघडून बटण दाबायचं, हेही सुलभाचंच. हॉर्न वाजायला लागला की स्टीअरिंग एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून आणायचं, हेही तिचंच. प्रत्येक दुखण्यावरचं औषध ती ठरवून गेली होती. मी एखादा नवा बिघाड तरी माझ्या नशिबी यावा म्हणून वाट बघायचे, असं म्हटलं तर लोक हसतील. पण खरं आहे.

तो नवा बिघाड त्या वर्षीच्या पितृपक्षात आला. पावसाळ्यात रस्त्यांची अशी चाळण झाली होती की खांदेश्वरहून घरी येईपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची. पितृपक्ष लागला त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी मी चावी फिरवली, तर नुसतं 'टिक्'. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टिक्'. डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मिणमिणले आणि गेले. शनिवारी मी चांगली चालती गाडी आणून लावली होती. रविवारी ती जागची हलली नव्हती. नुसती उभी राहून ही दमली कशी, ते कळेना.

सर्व्हिस रोडला मुकादमभाईंचं बॅटरीचं आणि ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माणूस श्रीवर्धनकडचा, अंगानं भरलेला, दाढीला मेंदी, आवाज खणखणीत. त्यांनी येऊन मीटर लावला आणि एका वाक्यात निकाल दिला, "वहिनी, बॅटरी म्हातारी झाली. नवी टाकून घ्या."

शशिकांत मागे उभे होते. "आत्ता नको. पंधरवडा चालू आहे. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नसते. घटस्थापनेला घेऊ की."

मुकादमभाईंनी कपाळावर हात मारला. "शेट, तुमचा पंधरवडा आला का आमचा धंदा झोपतो. सोनार रडतो, टीव्हीवाला रडतो, आमी पन रडतो." मग दुकानात जाऊन त्यांनी एक धुरकट बॅटरी आणून आमच्या गाडीत बसवली. "ही माझी घरची. नवी नाय, जुनी हाय. तुमच्या देवाला चालेल. घटस्थापनेला परत द्या."

आम्ही त्यांचे आभार मानले. पुढच्या सोमवारी त्यांचीही बॅटरी ठार.

आता मात्र मुकादमभाई गंभीर झाले. बॉनेटमध्ये वाकून, कान लावून त्यांनी बराच वेळ काहीतरी ऐकल्यासारखं केलं. "म्हणजे दोष बॅटरीचा नाय. वहिनी, तुमच्या गाडीत कोनतरी बसलंय बॅटरी प्यायला. गाडी बंद केली तरी पिणं चालू हाय त्याचं."

कोण बसलंय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ते काही मुकादमभाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांना पुतणीच्या लग्नाला गावी जायचं होतं. जाताना त्यांनी बॅटरी चार्ज करून बसवली, मला एक टेस्ट लॅम्प दिला, म्हणजे दोन वायरींना चिमटे लावलेला एक साधा बल्ब, आणि पार्किंगमध्ये उभं राहून सगळं समजावून सांगितलं. बॅटरीची मायनसची वायर सोडवायची. वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये हा बल्ब जोडायचा. गाडीत सगळं बंद असेल तर बल्ब पेटायला नको. पेटला तर समजायचं, आत कुणीतरी पितंय. मग एकेक फ्यूज काढत जायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या वायरीवर. "वहिनी, वीज बॅटरीतून निघते आणि फिरून बॅटरीतच परत येते. परत यायचा रस्ता नसेल तर दिवा लागत नाय," ते म्हणाले. मी मान हलवली. दिलेलं परत यायचा रस्ता मीही या घरात बरेच दिवस शोधत होते.

तोवर उपाय म्हणून रोज संध्याकाळी शशिकांत पान्यानं टर्मिनल सोडवून ठेवत आणि सकाळी मी ते घट्ट करून निघे. त्यामुळे गाडीतलं घड्याळ रोज सकाळी बारापासून सुरू व्हायचं. ऑफिसला पोचायचे तेव्हा त्यात दुपारचा पाऊण वाजलेला असायचा. बोटांना ग्रीस, नखांत काळं, आणि पदराला बॅटरीच्या पाण्याचं एक भोक. ती अशी कधी दिसली असेल का, असा विचार मी गाडी चालवताना करायचे. ती बहुतेक अशातही छान दिसली असेल.

त्याच आठवड्यात अविधवा नवमी आली. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं हे श्राद्ध. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. आमच्याकडे त्या दिवशी जिचं पान मांडतात ती 'ती', आणि स्वयंपाक करते ती मी. एका बाईनं दुसऱ्या बाईसाठी, जिला तिनं कधी पाहिलंही नाही, पहाटे उठून वडे तळायचे, खीर आटवायची, भोपळा, गवार, अळू, सगळं बिनलसणाचं, आणि त्यात मीठ किती पडलंय ते चाखायचंही नाही. हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला सवतीमत्सराची काहीच कल्पना नसणार. किंवा पुरती असणार.

सवाष्ण म्हणून दरवर्षी तळवलीच्या पाटीलकाकू येतात. तिच्या शाळेत त्या शिपाई होत्या, दोघींचं फार सूत जमायचं म्हणे. काकू मनानं निर्मळ, तोंडानं फटकळ. पाटावर बसल्या, खिरीचा एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"गोर झालीय गो मंदा. पन सुलबाची खीर म्हंजे काय सांगू तुला. चमचा उभा ऱ्हायाचा तिच्यात."

"पुढच्या वर्षी जास्त आटवते, काकू."

"नको गो, हीपन बरी हाय. आता कोन हाय तशी करनारी?"

शशिकांत दारात उभे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं काहीच नव्हतं. दुःखही नाही, आठवणही नाही. त्यांनी काकूंच्या पानात आणखी एक वडा वाढला आणि हात धुवायला गेले. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. म्हटलं, चला, आटली असेल माया. किती वर्षं पुरणार?

रविवारी आम्ही दोघं टेस्ट लॅम्प घेऊन खाली उतरलो. पाऊस भुरभुरत होता आणि पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं आमची गाडी उभी असते, तिथं दिवसाही अंधारच असतो. दार उघडलं की आतला दिवा लागतो, म्हणून दाराचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं. बॉनेट वर. शशिकांत पलीकडे बल्ब धरून उभे, मी अलीकडे स्टीअरिंगखाली डोकं घालून फ्यूजच्या डबीपाशी. मध्ये बॉनेट असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, नुसते आवाज.

"पेटला का?"

"पेटलाय. बारीक आहे, पण पेटलाय."

म्हणजे मुकादमभाईंचं खरं होतं. मी पहिला फ्यूज उपसला.

"गेला?"

"नाही."

"आता?"

"अंहं."

"आता तरी?"

"अगं, सांगतो की गेल्यावर. दम धर जरा."

रेडिओचा काढला, काचांचा काढला, वायपरचा काढला, आतल्या दिव्याचा काढला. प्रत्येक वेळी मी विचारायची आणि ते सांगायचे. लग्न झाल्यापासून इतका वेळ, एकाच गोष्टीबद्दल, आम्ही कधी बोललो नव्हतो. एकदा ते हसलेही. "तुझा आवाज गाडीच्या पोटातनं येतोय," म्हणाले. मला वाटलं, हा बिघाड सापडूच नये. हा माझा बिघाड होता. यावर 'सुलभा असं करायची' हे वाक्य त्यांच्यापाशी नव्हतं. मी दर खेपेला फ्यूज काढायला जरा जास्तच वेळ लावत होते.

शेवटी डबी रिकामी झाली. सगळे फ्यूज बाहेर, माझ्या ओच्यात.

"आता?"

पलीकडे चिमट्यांची खटखट झाली. मग म्हणाले, "अजून पेटलेलाच आहे गं."

असं होऊ शकत नाही, असं मी म्हटलं. सगळं तोडल्यावर कोण पिणार? फ्यूज परत लावायला घेतले तर एक हातातून निसटून डाव्या सीटच्या पुढे गेला. मी आडवी होऊन तिकडे हात घातला आणि मान वर केली. सामानाचा कप्पा असतो ना पुढे, त्याच्या मागच्या फटीतून लाल उजेड येत होता. अगदी मंद. बाहेर ऊन असतं तर कधीच दिसला नसता.

"अहो, इकडे या."

ते आले, वाकले, बघितलं. मग त्यांनी फटीत हात घालून वायरीला लटकलेला एक छोटा बल्ब खाली ओढला. काच लाल रंगवलेली होती. रंग नेलपॉलिशचा. ब्रशचे फटकारे दिसत होते. वायर मागच्या बाजूनं, फ्यूजच्या डबीला वळसा घालून, थेट बॅटरीकडे गेली होती.

"सुलभाचा," ते म्हणाले.

मला माहीतच होतं.

मग त्यांनी सांगितलं. एरवी दोन शब्दांत आटोपणारा माणूस, त्या दिवशी चार वाक्यं बोलला. डॅशबोर्डवर पितळेची एक छोटी देवी होती. नवरात्रात घरी अखंड दिवा असायचा, तेव्हा सुलभा म्हणायची, घरातल्या देवीला रात्रंदिवस उजेड आणि हिला अंधार, हे बरं दिसत नाही. म्हणून तिनं गाडी बंद केली तरी चालू राहील असा दिवा थेट बॅटरीवरून घेतला. दसरा झाला की बल्ब अर्धा फिरवून ढिला करायची, म्हणजे विझायचा.

तिच्या शेवटच्या दसऱ्याला तिनं तो तसाच अर्धा फिरवून ठेवला होता. पुढच्या नवरात्रात ती नव्हती. शशिकांतनी देवी उचलून घरच्या देव्हाऱ्यात ठेवली आणि बल्ब आत ढकलून दिला. मग इतक्या वर्षांनी त्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी हादरून हादरून तो पुन्हा जागेवर बसला असणार, आणि तिचा अखंड दिवा परत सुरू झाला. आणि ती पितळेची देवी? ती मी रोज आंघोळ घालून, कुंकू लावून, माझी म्हणून पुजत होते.

ते पक्कड घेऊन आले. मी बाजूला सरकले आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले. हा हात आता थांबणार, असं मला वाटलं. थांबला असता तर मी आठवडाभर बोलले नसते. पण तो थांबलाच नाही. कटकन वायर तुटली. बल्ब विझला. त्यांनी टोकाला काळी टेप गुंडाळली, बल्ब सीटवर ठेवला, हात पुसले. "झालं. फ्यूज लाव परत आणि सेल्फ मारून बघ," म्हणाले आणि वर आंघोळीला निघून गेले.

मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं जे मनात धरून बसले होते ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. पण मला संताप आला. तोही तिच्या वतीनं! मी गाडीत बसून त्या नेलपॉलिशच्या बल्बकडे बघत म्हटलं, बाई, इतकं लावून गेलीस आणि ह्या माणसानं भाजीची जुडी सोडावी तशी तुझी वायर तोडली. आणि मग मनात आलं, जो हिची वायर अशी तोडतो, तो माझी कशी तोडेल? मी तर याच्यासाठी कुठे दिवासुद्धा लावून ठेवलेला नाही. माझे पडदे उतरवायला त्याला किती वेळ लागेल?

पुढचे एक-दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक वागले. त्यांना कारण कळलं नाही. "काय झालं गं?" एकदा विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. बायका 'काही नाही' म्हणतात तेव्हा काय असतं ते दोन लग्नं झालेल्या माणसाला कळायला हरकत नव्हती.

मुकादमभाई गावाहून परतले तशी मी बल्ब आणि गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले. चोर सापडल्याचं सांगितल्यावर त्यांनी मोठ्यानं 'वा वहिनी!' म्हटलं. मग मी म्हटलं, हाच बल्ब परत लावून द्या. पण चावीवर. चावी फिरवली की पेटेल, काढली की विझेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ज्याच्यामुळं एवढा ताप झाला, तोच परत पायजे?"

"हो. तोच."

अमावास्येच्या दिवशी मी देव्हाऱ्यातून ती छोटी देवी उचलली. दुसऱ्या दिवशी देव घटी बसले की मग हलवता येत नाहीत. गाडीत नेऊन जुन्या गोंदाच्या डागावर तिला बसवलं. हे मी तिच्यासाठी केलं, असं म्हणायला आवडेल. पण ते पूर्ण खरं नाही. मला त्या माणसाला हलवून बघायचं होतं. आत काही आहे की नाही, ते एकदा कळू दे.

घटस्थापनेला घट बसले, आरती झाली आणि आम्ही बेलापूरच्या देवीला निघालो. शशिकांत नेहमीप्रमाणे डावीकडे बसले, मांडीवर ओटीचं ताट. मी चावी फिरवली. डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला आणि पितळेच्या तोंडावर उजेड पडला.

 सोसायटीचं गेट गेलं, सिग्नल गेला, पाम बीचचा रस्ता लागला. दोन्ही हातांनी ताट धरून ते दिव्याकडे बघत होते. नेरूळ मागे पडल्यावर म्हणाले,

"रंग उडालाय. ती दोन हात द्यायची. पहिला वाळला की दुसरा. मला फुंकर घालायला लावायची."

मी गिअर बदलला. 

"परवा वायर कापली ना," ते पुढे म्हणाले, "तेव्हा डोळ्यांत पाणी आलेलं. म्हटलं, आता थांबलो तर रडेन, आणि तुझ्यासमोर तिच्यासाठी रडलो तर तुला काय वाटेल? म्हणून पटकन कापली बघ. वर जाऊन बाथरूममध्ये..." त्यांनी ताटातला नारळ उगाच सरळ केला.

म्हणजे नवमीला त्यांनी चेहरा कोरा ठेवला होता तो माझ्यासाठी. पडद्यांना नाही म्हटलं नाही तेही माझ्यासाठी. हा माणूस इतकी वर्षं माझ्या मत्सराला सांभाळत, जपून पावलं टाकत घरात वावरत होता, आणि मी त्याला कोरडा समजत होते.

"सांगा ना," मी म्हटलं. "कशी होती?"

"तुला आवडायचं नाही."

"नाहीच आवडणार. सांगा."

मग ते बोलायला लागले. ती पहिल्यांदा गाडी घेऊन गाळ्यावर आली तेव्हा हमालांनी पोती बाजूला सारून तिला जागा कशी करून दिली. ती गाडी चालवताना खोटे खोटे शब्द घालून गायची. आजारपणात शेवटी शेवटी तिला नुसतं खाली पार्किंगमध्ये आणून गाडीत बसवायला लागायचं, मग ती स्टीअरिंगवर हात ठेवून शांत व्हायची. ते बोलत होते आणि मी जळत होते, अगदी पूर्वीसारखी. त्यात काही कमी झालं नव्हतं. समोर किल्ल्याचा सिग्नल आला. देवळाकडे तिथून वळायचं असतं. मी वळले नाही. सरळ उरणच्या रस्त्याला गाडी घातली, दोन्हीकडे खारफुटी आणि पावसानं भरलेली खाचरं, आणि शशिकांतना रस्ता चुकल्याचं समजलंही नाही इतके ते बोलण्यात होते.

यंदाही परवा घट बसतील. बॅटरी ठणठणीत आहे. आम्ही जाऊ, दिवा पेटेल आणि मी सिग्नलला सरळ पुढे जाईन. ते माझ्याहून वयानं मोठे, तेव्हा मी आधी जाण्याची शक्यता तशी कमी. पण मत्सराला कुठे हिशेब कळतो? मला आपलं वाटतं, मी गेल्यावर त्यांच्या शेजारी आणखी कुणी आलीच, तर त्यांनी तिला माझ्याबद्दल असंच भरभरून सांगावं. खिरीपासून फ्यूजपर्यंत सगळं. आणि ऐकता ऐकता तिचा नुसता जळफळाट व्हावा.